एका पैची चूक : प्रवेशपरीक्षेचा अभ्यास आणि हातातला फोन

अलीकडे दिंडीत, सप्ताहात, एकादशीच्या बैठकीत आईबापांच्या तोंडी एक नवे गाऱ्हाणे ऐकू येते. मुलगा बारावीला आहे, किंवा बारावी होऊन डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी आणखी एक वर्ष थांबला आहे. त्याला छत्रपती संभाजीनगरात खोली करून दिली आहे, क्लासची फी भरली आहे, मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला जातात. आणि पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर असतो. विचारावे तर म्हणतो, "अभ्यासच करतोय." तो खोटे बोलतो असेही म्हणवत नाही, कारण अभ्यास खरोखरच त्या फोनात आहे. आणि अभ्यास मोडणारे सगळे काही, तेही त्याच फोनात आहे. औषध आणि विष एकाच बाटलीत भरले तर घरच्या माणसाने करावे काय?

या पाठात तीन गोष्टी पाहावयाच्या आहेत. पहिली, ही परीक्षा मुलाकडून नेमके काय मागते. दुसरी, फोन मुलाचे चित्त कसे धरून ठेवतो. तिसरी, घराने आणि मुलाने मिळून काय करावे. मुलाला चोर ठरविण्यासाठी हे लिहिणे नाही, आणि फोनला सैतान ठरविण्यासाठीही नाही. चूक कोठे होते ती शोधावयाची आहे, इतकेच.

१. परीक्षा काय मागते

मराठवाड्याच्या मुलाला वरचे शिक्षण सहज मिळालेले नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि पुढे शिकावयाचे तर हैदराबादची वाट धरावी लागे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या वेळच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले. १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, ज्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १९९४ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. म्हणजे आज ज्या दारावर आपली मुले रांग लावून उभी आहेत, ते दार उघडून उणीपुरी सत्तर-पंचाहत्तर वर्षे झाली. आजोबाला जे स्वप्नातही नव्हते त्याची फी बाप भरतो, कोणी कापूस विकून, कोणी जमिनीचा तुकडा गहाण टाकून. म्हणून या गोष्टीची चिंता लहान नाही.

आता परीक्षेकडे वळू. वैद्यकीय शिक्षणासाठी देशभर 'नीट' नावाची एक परीक्षा आहे. २०२५ मध्ये तिच्यात १८० प्रश्न होते, वेळ १८० मिनिटे आणि गुण ७२०. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलेल्याला एक कापला जातो. अभियांत्रिकीसाठी देशपातळीवर 'जेईई' आणि आपल्या राज्याची 'सीईटी' आहे. सीईटी संगणकावर होते आणि तिच्यात चुकीला गुण कापत नाहीत. २०२५ च्या नीटला देशभरातून २० लाखांवर मुले बसली. एमबीबीएसच्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास. तेव्हा पुष्कळ चांगल्या, कष्टाळू मुलांनाही पहिल्या खेपेस जागा मिळत नाही, ही गोष्ट आईबापांनी आधीच मनाशी बांधून ठेवावी. जागा हुकली की सगळा दोष फोनच्या माथी मारणे हाही न्याय नव्हे.

परंतु १८० प्रश्न आणि १८० मिनिटे याचा अर्थ काय? एका प्रश्नाला एक मिनिट, आणि असे तीन तास. मध्ये उठणे नाही, फोन नाही, कोणाशी बोलणे नाही. पाठांतर आणि हुशारी तर हवीच. पण त्याखेरीज ही परीक्षा एका जागी, एका विषयावर, तीन तास चित्त ठेवण्याची शक्ती मागते. ज्या मुलाने वर्षभर एकदाही तीन तास सलग चित्त ठेवलेले नाही, तो परीक्षेच्या दिवशी ते कोठून आणील? पायाला सवय नसलेला माणूस आषाढीला एकदम दहा कोस चालू म्हणाला तर दुसऱ्या मुक्कामाला त्याचे पाय फोडांनी भरतात. चित्ताचेही तसेच आहे.

२. देवगिरीवरची रात्र

चित्त एकाग्र होणे म्हणजे काय, याची गोष्ट संभाजीनगरकरांना लांब शोधावी लागत नाही. शहरापासून पंधरा-एक किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तेथे जनार्दनस्वामींच्या सेवेत पैठणचा एक पोरका मुलगा राहत होता. आजोबांनी वाढवलेला, गुरूच्या शोधात घर सोडून आलेला. हेच आपले नाथबाबा. गुरूने त्यांच्याकडे जमाखर्चाचे काम दिले होते.

परंपरेत गोष्ट सांगतात ती सर्वांना ठाऊक आहे, तरी या पाठाच्या अंगाने ती पुन्हा पाहावी. एके दिवशी हिशेबात एका पैची चूक राहिली. पै ती काय! कोणी विचारले नसते. पण एकनाथ दिवा लावून वह्या घेऊन बसले. पहिला प्रहर गेला, दुसरा गेला. तेल संपत आले ते घातले असेल, भूक लागली ती विसरली असेल. रात्र उलटून गेल्यावर चूक सापडली आणि त्या आनंदात त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. कारण कळल्यावर ते म्हणाले ते असे, की एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराचीच मूळ चूक सापडली तर तो आनंद केवढा असेल.

कीर्तनकार या गोष्टीचा परमार्थ सांगतात तो योग्यच आहे. आपण येथे तिची अलीकडची, व्यवहाराची बाजू पाहू. तीन गोष्टी त्यात दिसतात. एक, चूक लहान होती, तरी ती सोडून दिली नाही. दोन, ती दुसऱ्याने दाखवली नाही. ज्याची वही त्यानेच शोधली. तीन, आणि ही आजच्या काळात सर्वांत मोठी, त्या रात्री एकनाथांच्या खांद्यावर कोणी दर पाच मिनिटांनी टिचकी मारत नव्हते. "जरा इकडे बघ," असे म्हणणारे कोणी नव्हते. त्यांच्यासमोर वही होती आणि वहीत फक्त हिशेब होता. त्याच वहीच्या पानात मध्येच तमाशा, मध्येच बाजार, मध्येच मित्राची थट्टा उमटली असती, तर पैची चूक सापडण्यास किती रात्री लागल्या असत्या, याचा विचार करावा.

आजच्या मुलाची वही तशी आहे. म्हणून 'आमच्या वेळी आम्ही कंदिलाखाली अभ्यास केला' हे त्याला ऐकवण्यात अर्थ नाही. कंदील मध्येच बोलत नसे.

३. फोन चित्त कसे धरतो

ही स्थिती एकाएकी आलेली नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त होत गेले. खेड्यातल्या घरातही मोठ्या पडद्याचा फोन आला. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या आणि मास्तरांनी धडे फोनवर पाठविण्यास सुरुवात केली. ज्या आईबापांनी आजवर मुलाला फोनला हात लावू दिला नव्हता, त्यांनीच तो हातात दिला. दुसरा उपाय नव्हता. त्याच वर्षी जूनअखेर सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. पण जुलैत इन्स्टाग्रामच्या रील्स आल्या आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. एक दार लागले, दोन उघडली. शाळा पुन्हा भरल्या, फोन मात्र हातातच राहिला.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' या पाहणीत २०२४ मध्ये देशातील खेड्यांतल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना फोनविषयी विचारले होते. शंभरात ८२ जणांना तो वापरता येत होता. त्यांपैकी मागल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी वापरला असे सांगणारे शंभरात ५७, आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारे ७६. फोन अभ्यासासाठी घेतला होता, हे विसरून चालणार नाही. पण फोन काय काम करतो तेही यावरून दिसते.

आता त्यातील कसब पाहू. बी. एफ. स्किनर नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चकतीवर चोच मारली की दर वेळी दाणा मिळतो अशी सोय केली, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर लवकरच थांबते. पण दाणा कधी दुसऱ्या टोचीला, कधी विसाव्या टोचीला, असा बेभरवशाचा मिळत असेल तर दाणा बंद झाला तरी ते बिचारे कितीतरी वेळ टोचतच राहते. 'पुढच्या वेळी मिळेल' ही आशाच त्याला बांधते. फोनवर अंगठा सरकवला की कधी नीरस चित्र येते, कधी हसू येते, कधी मित्राची बातमी. पुढे काय येईल ते ठाऊक नसते, म्हणूनच अंगठा थांबत नाही. मुलगा मूर्ख नाही. तो त्या चकतीपुढे बसवला गेला आहे.

दुसरे कसब शेवट नाहीसा करण्याचे आहे. आपल्याकडील प्रत्येक गोष्टीला शेवट आहे, हे वारकऱ्याला सांगावयास नको. अभंगाच्या अखेरीस संतांची नाममुद्रा आली की अभंग संपला हे लहान पोरालाही कळते. पोथीचा अध्याय समाप्त होतो. कीर्तन आरतीला येते. वारीची मजल मुक्कामाला थांबते. माणसाच्या मनाला थांबण्यासाठी अशी खूण लागते. पूर्वी इंटरनेटवरच्या पानालाही तळ होता. खाली पोचले की 'पुढील पान' अशी कळ दाबावी लागे, आणि दाबू की नको असा विचार करण्यास क्षणभर उसंत मिळे. २००६ मध्ये आझा रास्किन या अमेरिकन आरेखकाने पान आपोआप पुढे पुढे भरत जाण्याची युक्ती काढली. पुढे तिचा परिणाम पाहून स्वतः त्यांनाच वाईट वाटले. नाममुद्रा नसलेला अभंग कोणी रात्रभर म्हणत बसावे, तशी ही स्थिती आहे. त्यात गोडी संपली तरी शेवट येत नाही.

तिसरी गोष्ट खंडाची. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंनी माणसे पडद्यासमोर बसून एका गोष्टीवर किती वेळ टिकतात हे मोजले. २००४ च्या सुमारास ते अडीच मिनिटे भरत असे. अलीकडच्या वर्षांत ते सरासरी ४७ सेकंदांवर आले. नीटच्या एका प्रश्नाला एक मिनिट मिळते, हे वर पाहिलेच. प्रश्न पुरा वाचून होण्याच्या आत ज्याचे मन उठून जाण्यास शिकले आहे, त्याला विषय येत असूनही गुण मिळत नाहीत. "येत होतं, पण चुकलं," असे मुले म्हणतात ते पुष्कळदा खरे असते.

चौथी गोष्ट झोपेची. वाढत्या वयाच्या मुलाला आठ तासांच्या वर झोप लागते. दिवसा वाचलेले मेंदूत मुरते ते झोपेत. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सहाच्या क्लासला गेलेला मुलगा दिवसभर ओततो, पण तळाला गळती असलेल्या घागरीत.

४. व्यसन कशाला म्हणावे

फोन पुष्कळ वापरणे म्हणजे लगेच व्यसन नव्हे. व्याख्याने ऐकणे, सराव परीक्षा देणे, आईशी बोलणे, यात तास गेले तर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या यादीत खेळांच्या आहारी जाण्याची विकृती घेतली आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. सगळ्याच फोनवापराला तिने रोग म्हटलेले नाही, खेळांपुरतेच म्हटले आहे. पण तिने दिलेल्या खुणा घरच्या माणसाला उपयोगी पडतात. स्वतःवर ताबा राहत नाही, ही पहिली. जेवण, झोप, अभ्यास, मित्र या सर्वांच्या वर ती गोष्ट जाऊन बसते, ही दुसरी. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही थांबता येत नाही, ही तिसरी. आणि हे चार दिवसांचे नव्हे, साधारण वर्षभर चाललेले असते. असे दिसले तर तो शिस्तीचा प्रश्न राहिलेला नाही, दुखण्याचा झाला आहे. आणि दुखणे वैद्याला दाखवावयाचे असते.

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट वेगळी आहे. त्यांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. तरी एखादे मूल आडवाटेने त्यात अडकले आणि कर्ज करून बसले, तर बदनामीच्या भीतीने घरात दाबून ठेवू नये.

५. शंका आणि समाधान

शंका : फोन काढून घ्यावा, म्हणजे झाले. एवढा विचार कशाला?

समाधान : लहान मुलाच्या बाबतीत हे पुष्कळसे चालते. अठरा वर्षांच्या, खोलीवर राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत चालत नाही. क्लासच्या सूचना, सराव परीक्षा, अर्ज, प्रवेशपत्र सगळे त्यावर येते. तुम्ही घेतलात तर तो मित्राचा घेईल. आणि रात्री अचानक हिसकावून घेणे, आपटून फोडणे, चारचौघांत अपमान करणे यातून वाईट प्रकार घडतात. ओढ तशीच राहते, वर आईबापांचा राग बसतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना फोन नको असा ठराव केला. गावाने मिळून ठरवले, हे त्यातले घेण्यासारखे आहे. एकट्या बापाने हिसकावणे वेगळे, आणि सर्वांनी मिळून नेम करणे वेगळे.

शंका : मन आवरत नाही त्याला मूल तरी काय करील?

समाधान : ही शंका अर्जुनाचीच आहे. मन वाऱ्यासारखे, ते आवरावे कसे, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात त्याने देवाला विचारले. देवाने त्याला खोटे पाडले नाही. मन आवरण्यास कठीण आहे हे कबूल केले, आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. माउलींनी त्या अध्यायाचा विस्तार केला आहे तो मुळातून वाचावा. येथे अभ्यास म्हणजे पुस्तक नव्हे, पुन्हापुन्हा करणे. मन गेले की आणावे, गेले की आणावे. आणि वैराग्य म्हणजे राख फासणे नव्हे. मोह जवळ न ठेवणे. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. फोन बंद करून समोर टेबलावर ठेवलेल्या माणसांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी विचाराची कामे बरी केली. नंतरच्या काही प्रयोगांत हा फरक सारखा दिसला नाही. तरी समोरची वस्तू न उचलण्यात मनाची थोडी शक्ती जाते, हे उपवासाच्या दिवशी पंगतीत बसलेल्याला कोणी सांगावयास नको.

शंका : माझा मुलगा पूर्वी असा नव्हता. एकाएकी असा का झाला?

समाधान : त्याला भीती वाटत असेल. हे फार वेळा पाहिले जात नाही. गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा शहरात शेकडो पहिल्यांमध्ये येऊन बसतो. पहिल्या सराव परीक्षेत गुण पडतात. घरी सांगावे तर बापाने गहाण टाकलेली जमीन डोळ्यांसमोर येते. मग पुस्तक उघडले की पोटात गोळा येतो आणि फोन उघडला की तेवढ्यापुरता तो जातो. असा मुलगा सुखाच्या मागे धावत नाही, तो दुःखापासून पळत असतो. त्याला "किती वेळ फोन पाहिलास?" असे विचारण्याआधी "कोणता विषय जड जातोय?" असे विचारावे. आणि एक वाक्य त्याच्या कानावर घालून ठेवावे, की जागा मिळो न मिळो, घर तुझेच आहे. हे वाक्य गृहीत धरू नये, तोंडाने बोलावे.

शंका : आम्ही मोठी माणसे तरी कुठे सुटलो आहोत?

समाधान : हाच खरा प्रश्न आहे. आजोबा हरिपाठ झाल्यावर अंथरुणात पडून कीर्तनाचे तुकडे पाहत बारा वाजवतात. कीर्तनकार निरूपणात रंगलेले असतात आणि समोर श्रोत्यांचे हात फोन धरून वर गेलेले असतात. पालखीपुढे उभे राहून दर्शन कमी आणि चित्र जास्त घेतले जाते. विषय देवाचा आहे म्हणून चकती बदलत नाही. टोचणे तेच राहते. घरातल्या मोठ्यांनी ताटावर बसून फोन पाहावा आणि मुलाला एकाग्रतेचा उपदेश करावा, हे मुलाला लगेच कळते. त्याला उत्तर देता येत नाही म्हणून तो गप्प बसतो, पटले म्हणून नव्हे.

६. करावयाचे नेम

पहिला नेम, वही. नाथांनी आपली चूक आपणच शोधली, तसे मुलाने सात दिवस आपल्या फोनाचा हिशेब मांडावा. कोणत्या गोष्टीवर किती वेळ गेला हे फोन स्वतःच दाखवतो. ते रोज रात्री कागदावर उतरावे. आईबापांनी वही तपासू नये. मुलाने दाखवली तर पाहावी. आणि मग एक साधा गुणाकार करावा. रोजचे दोन तास म्हणजे तीनशे दिवसांचे सहाशे तास. दिवसाला दहा तास अभ्यास धरला तर साठ दिवस झाले. दोन महिने हरवले ते एकदम हरवले नाहीत, पै-पैने हरवले.

दुसरा नेम, जागा. अभ्यासाच्या वेळी फोन त्या खोलीत नको. घरी असेल तर स्वयंपाकघरात किंवा देव्हाऱ्याजवळ ठेवावा. वसतिगृहात असेल तर खोलीतल्या मित्रांनी एकमेकांचे फोन पेटीत ठेवावेत. उठण्यासाठी गजराचे साधे घड्याळ आणावे, म्हणजे फोन उशाशी घेण्याचे निमित्त राहत नाही. घरच्यांशी बोलण्यापुरता बटणांचा साधा फोन पुष्कळांना पुरतो.

तिसरा नेम, वेगळे करणे. टिपणे छापून घ्यावीत. व्याख्याने ठरल्या वेळी, शक्य तर मोठ्या पडद्यावर पाहावीत. वाजणाऱ्या सूचना बंद कराव्यात. परीक्षा होईपर्यंत रील्सची आणि खेळांची ॲप काढून टाकावीत. ती पळून जात नाहीत.

चौथा नेम, मजल आणि विसावा. प्रथम पाऊण तास सलग बसावे, मग दहा मिनिटे उठून चालावे, पाणी प्यावे. विसाव्यात फोन नको, कारण त्याला विसाव्याचा शेवट नसतो. दर आठवड्यास मजल थोडी वाढवावी. परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी तीन तास बसता आले पाहिजे.

पाचवा नेम, घराचा. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. तेथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, आणि साडेआठपर्यंत घराघरांतले दूरदर्शन आणि फोन बंद ठेवण्याचा परिपाठ पडला. मुले अभ्यासाला बसली, मोठी माणसे बोलू-वाचू लागली. आपल्या घरात भोंगा नसला तरी दिवेलागण आहे. दिवा लागला की हरिपाठ होतो. त्याला जोडून तासभर सगळ्यांचे फोन एका टोपलीत. सगळ्यांचे, आजोबांचासुद्धा.

सहावा नेम, मोडल्यावर काय करावे याचा. नेम मोडणारच. एखादी एकादशी चुकली म्हणून वारकरी माळ उतरवून ठेवत नाही, पुढची धरतो. मुलाचेही तसेच असावे. एक रात्र फोनात गेली म्हणून "आता सगळंच गेलं" असे म्हणून दुसरीही घालवू नये. ओढ येते ती लाटेसारखी येते. थोडा वेळ उठून चालले, थंड पाण्याने तोंड धुतले, तर ती पुष्कळदा ओसरते. प्रत्येक ओसरलेली लाट पुढच्या वेळी बळ देते.

सातवा नेम सर्वांत महत्त्वाचा. मूल जेवेनासे झाले, कोणाशी बोलेनासे झाले, झोप गेली, किंवा 'मी नसतो तर बरे झाले असते' असे काही बोलले, तर अभ्यास, फोन, फी सगळे बाजूला ठेवावे आणि त्याच दिवशी त्याच्याजवळ जावे. एकटे सोडू नये. सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. संभाजीनगरात घाटी रुग्णालयात मनोविकारांचा विभाग आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २०१४ पासून फोन आणि इंटरनेटच्या आहारी गेलेल्यांसाठी वेगळा दवाखाना चालतो. तापाला डॉक्टर आणि मनाला अंगारा, असे करू नये.

७. बैठकीत बोलावयाचे प्रश्न

हा पाठ मंडळीत वाचला गेला तर पुढील प्रश्नांवर बोलावे, आणि घरातील विद्यार्थ्यांनाही त्यात बसवावे. त्यांना ऐकवण्यापुरते नव्हे, त्यांचे ऐकण्यासाठी.

१. नाथांची चूक त्यांनी स्वतः शोधली आणि दुसऱ्याने दाखवली असती, यांत काय फरक पडला असता?

२. आपल्या घरात कोणत्या गोष्टींना शेवटाची खूण आहे आणि कोणत्या गोष्टींना नाही?

३. मूल फोनकडे पळते तेव्हा ते कशापासून पळत असेल? आपण कधी विचारले आहे काय?

४. कीर्तनात आणि वारीत फोन किती असावा, याचा आपल्या दिंडीने काही नेम करावा काय?

५. जागा मिळाली नाही तर पुढे काय, हे मुलाशी निकालाच्या आधी बोलून झाले आहे काय?

आषाढीला संभाजीनगरची शेकडो तरुण मुले वाळूजजवळच्या धाकट्या पंढरपुराला पायी जातात. रात्रीची निघतात, पहाटे पोचतात. तीच मुले, तेच पाय, आणि खिशात तोच फोन असतो. पण वाट ठरलेली असते, बरोबर सोबती असतात आणि पोचावयाचे कोठे हे ठाऊक असते, म्हणून चालणे होते. अभ्यासाच्या वर्षाला वाट, सोबत आणि मुक्काम ही तीन घरांनी मिळवून द्यावीत. चालणे मुलाचे त्यालाच करावयाचे आहे.